झेंड्यावरची काकी

जे देश पृथ्वीच्या पाठीवर नाहीत, त्यांचे झेंडे माझ्याइतके या भागात कुणी पाहिले नसतील. तेलुगू मुलखातल्या इचोड्याला हायवेला लागून माझं टीव्ही दुरुस्तीचं दुकान. दुरुस्ती करताना आपण टीव्हीच्या पाठीमागं असतो आणि समोर आरसा ठेवून चित्र बघतो, त्यामुळं हे सगळे देश मी उलटे पाहिले. राजकुमारी पळवणारा देश, विषारी धूर सोडणारा देश, हेर पाठवणारा देश. राजवाडा दोन खोल्यांचा, सैन्य एका जीपमध्ये मावेल एवढं, पण झेंडा प्रत्येकाला. आणि तो झेंडा दिसला की माझं डोकं फिरायचं. बहुतेकदा ती कुणाची तरी चादर असायची. एका शत्रुराष्ट्राच्या झेंड्याला तर परकराची नाडी लोंबताना मी या डोळ्यांनी बघितली आहे. देश खोटा आहे हे मान्य, पण झेंडा तरी धड शिवा की.

ही चिडचिड मी ज्याच्यापुढं करायचो तो दौलत माझा शेजारी. त्याच्या शिलाईच्या दुकानात आणि माझ्या दुकानात मधे फक्त एक पत्रा. दौलत कपडेही शिवायचा, पण ते पोटापुरतं. जीव लावून शिवायचा तो झेंडे. एप्रिल आला की नेरडीगोंड्यापासून इकडच्या सगळ्या बौद्धवाड्यांचे निळे झेंडे त्याच्याकडं. देवळांचे भगवे त्याच्याकडं. निवडणूक लागली की एकमेकांचं तोंड न बघणारे पक्ष त्याच्या मशीनवर एकाच दोऱ्यानं शिवले जायचे.

त्याची एक तऱ्हा होती. झेंडा तयार झाला की तो टेबलावर पसरून बघायचा नाही. माझ्याकडं यायचा, माझा टेबल फॅन स्वतःकडं वळवायचा आणि त्याच्यापुढं झेंडा धरायचा. मी उन्हाळ्यात घामाघूम होऊन सोल्डरिंग करत बसलेला असलो तरी फॅन झेंड्याला. "मानसाचा कपडा मापानं शिवता येते, उद्धवराव. झेंडा वाऱ्यानं शिवा लागते," असं वर मलाच ऐकवायचा.

या दौलतच्या गळ्यात एक शब्द लहानपणापासून अडकून बसला होता. तो शब्द म्हणजे काकी. त्याचे आईबाप तो रांगत असतानाच गेले. पुढं पाच-सहा वर्षांनी चुलत्यानं आणि चुलतीनं त्याला पैनगंगेच्या काठावरून उचलून मजुरीसाठी इकडं, नेरडीगोंड्याजवळच्या एका खेड्यात आणलं. आल्या वर्षी चुलताही गेला. राहिली ती चुलती, जयवंताबाई. तिनं कापूस वेचून, निंदण करून त्याला वाढवला, मशीन घेऊन दिलं, पंचफुलाशी लग्न लावून दिलं. आईनं केलं नसतं इतकं केलं. पण चुलता गेला त्याच सुमारास, दौलत सहा-सात वर्षांचा असताना, तिनं त्याला समोर उभं केलं आणि बजावलं, आजपासून मला काकी म्हणायचं नाही. का, ते सांगितलं नाही.

पोरानं विचारलं नाही. त्यानं आपला आपणच अर्थ लावला. काका होता तोवर ती काकी होती, काका गेला, नातं संपलं. आता ही आपल्याला सांभाळते ती केवळ माणुसकी म्हणून. हा अर्थ उराशी धरून तो चाळिशीला आला होता. तिला तो कोणत्याच नावानं हाक मारत नसे. ‘ऐक ना’, ‘जेवली का’, असं बिननावाचं बोलायचा. दर सणाला खेड्यावर जाऊन, इचोड्याला आमच्याकडं राहायला ये म्हणायचा. ती नाही म्हणायची. तो परत येऊन माझ्या दुकानात बसायचा. एकदा मला म्हणाला, "कोन्या नात्यानं आनू तिले?" मला त्याची दया यायची आणि रागही यायचा. एवढा बाप्या माणूस, सरळ विचारायला काय झालं होतं?

पण जयवंताबाईला काही विचारणं सोपं नव्हतं, हेही खरं. बाई उंच, हाडापेरानं मजबूत, रंगानं काळी कुळकुळीत, कपाळावर हिरवं गोंदण. तिच्या तोंडाचा पट्टा सुटला की शेताचा मालकसुद्धा बांधाच्या पलीकडं जाऊन उभा राहायचा.

त्या वर्षी दिवाळी झाल्यावर हैद्राबादचे मालिकावाले नेरडीगोंड्याच्या पुढं धबधब्याजवळच्या माळावर शूटिंगला आले. मालिका तेलुगू. तिच्यात दोन देश. एक सज्जन मंदारदेश, त्याच्या झेंड्यावर पांढरा हंस. दुसरा दुर्जन कंटकदेश. हंसाचे झेंडे नीट आले, पण कंटकदेशाच्या झेंड्यांची पेटी भलत्याच ट्रकमध्ये चढली आणि नागपूरला निघून गेली. लढाई परवावर आलेली. तेव्हा त्यांचा मॅनेजर राजलिंगम जीप घेऊन इचोड्याला दौलतच्या दारात आला. माणूस तेलुगू, पण आम्हा मराठी लोकांशी हिंदीत बोलायची त्याला हौस. हवेत हातानं चौकोन काढून तो म्हणाला, "पीला झंडा. झंडे पे काकी होना. बड़ी होना, एकदम काली. मुँह खुला, जैसा चिल्ला रही. देखे तो डर लगना." एवढं सांगून जीप धुरळा उडवत निघून गेली.

मी तेव्हा निर्मलला पिक्चर ट्यूब आणायला गेलो होतो. परत आलो तर दौलत हातात खडू घेऊन पिवळ्या कापडासमोर बसलेला.

आता तेलुगूत काकी म्हणजे कावळा. हे मला माहीत होतं आणि दौलतलाही माहीत होतं. इचोड्यात दुकान मांडून बसलेल्या कोणाला ते माहीत नसतं? पण माणूस हिंदीत बोलत असताना मधलाच एक शब्द तेलुगू असेल हे ध्यानात येत नाही. शिवाय हा शब्द कानावर पडावा म्हणून दौलत तीस वर्षं उपाशी होता. त्याला दुसरं काही ऐकू येणंच शक्य नव्हतं. त्यानं राजलिंगमचं बोलणं मला जसंच्या तसं सांगितलं, तर मलाही कावळा सुचला नाही. मला वाटलं खाकी. आमच्याकडं बोलताना ख चा क व्हायला वेळ लागत नाही. मी म्हणालो, अरे, खाकी कापडाचा पट्टा लाव म्हणत असेल.

दौलतनं जरा विचार केला. "खाकीले तोंड कुठं असते, उद्धवराव?"

मग मी माझा मालिकांचा सगळा अनुभव पणाला लावला. कोणतीही मालिका घ्या, राजपुत्राच्या दुधात विष कालवते ती काकी. दिवाणाला फितवते ती काकी. तेव्हा दुष्ट देशावर काकीचंच राज्य असणार, आणि जिचं राज्य तिचं तोंड झेंड्यावर असणार. मी हे अशा थाटात सांगितलं की माझं मलाच पटलं. दौलतचा चेहरा उजळला. कोणाची काकी काढायची हा प्रश्न त्याला पडलाच नाही. तो खाली वाकला आणि खडू चालवायला लागला.

त्याच्याकडं जयवंताबाईचा एकही फोटो नव्हता. बाई फोटो काढूच द्यायची नाही. पण कापडावर ती बघता बघता उतरली. चेहऱ्याला काळ्या छत्रीचं कापड, डोळ्यांना पांढरं मांजरपाट, गोंदणाला हिरवा दोरा. तोंडाला त्यानं लाल साटीनची चुणी घातली आणि खालचा ओठ मोकळा ठेवला. मग तो झेंडा घेऊन माझ्याकडं आला आणि फॅन वळवला. वारा लागताच ते तोंड उघडायला आणि मिटायला लागलं. जयवंताबाई माझ्या दुकानात उभी राहून कोणाला तरी झाडत होती, फक्त आवाज नव्हता. तेवढ्यात पंचफुला चहा घेऊन आली. तिनं झेंड्याकडं पाहिलं, थबकली, आणि डोक्यावरून पदर घेतला.

दौलत झेंड्याकडं बघत हसत होता. त्याला एवढं खुशीत मी कधी पाहिलं नव्हतं. एका मोठ्या झेंड्यामागोमाग त्यानं तसेच लहान झेंडे शिवले आणि शूटिंगच्या सकाळी आम्ही गठ्ठा बांधून माळावर गेलो.

राजलिंगमच्या मागं इतकी घाई की त्यानं गठ्ठा न उघडताच सैन्याकडं पाठवला. कंटकदेशाचं सैन्य म्हणजे आजूबाजूच्या खेड्यांतले कापूस वेचणारे मजूर. अंगात काळे डगले, डोक्यावर पत्र्याचे टोप. त्यांतले बरेच जयवंताबाईच्या गावचे. इशारा झाला, सैनिकांनी काठ्यांवरचे झेंडे सोडले. माळावर वारा भरपूर होता. सगळ्या जयवंताबाया एकदम बोलायला लागल्या.

सैन्य जागच्या जागी थांबलं. एकानं टोप मागं सरकवून पाहिलं आणि शेजाऱ्याला कोपरखळी मारली. राजलिंगम धावत आला. त्यानं दौलतला विचारलं, हे काय आहे. दौलत नम्रपणे म्हणाला, काकी. राजलिंगमनं कपाळावर हात मारला. काकी, काकी, असं तो पुन्हा पुन्हा ओरडू लागला, आणि तरी दौलतला कळेना म्हणून शेवटी त्यानं दोन्ही हात पंखांसारखे पसरले आणि झेंड्याभोवती गोल गोल उडत ‘कावु कावु’ करायला लागला. तेव्हा कुठं माझ्या डोक्यात कावळा शिरला. निम्मं सैन्य हसत सुटलं. बाकीचं निम्मं राजलिंगमच्या मागोमाग ‘कावु कावु’ करत फिरू लागलं. मला हसू आवरेना. मी पोट धरून खाली बसलो.

बसल्यावर मला बघ्यांच्या रांगेत जयवंताबाई दिसली. ती शेतातून तशीच आली होती, ओटीत कापूस. तिच्या डोक्यावर तिचंच तोंड फडकत होतं आणि तिच्यासमोर एक परका माणूस त्या तोंडाकडं बोट दाखवून काकी म्हणत होता आणि कावळ्यासारखा ओरडत होता. तिनं झेंड्यांकडं पाहिलं, मग दौलतकडं पाहिलं. ती काहीतरी बोलेल, सगळ्या शूटिंगची खरडपट्टी काढेल, म्हणून मी वाट बघत होतो. पण ती वळली आणि शेताच्या वाटेनं चालू लागली. माझं हसू तिथंच वाळलं.

शूटिंगचं काय झालं तेही सांगतो. मंदारदेशाच्या सेनापतीला दुसऱ्या दिवशी हैद्राबादला दुसऱ्या मालिकेत मरायला जायचं होतं, त्यामुळं नवे झेंडे शिवायला सवड नव्हती. डायरेक्टर म्हणाला, लांबून घेऊ, काळं काहीतरी दिसलं म्हणजे झालं. पण कथेत कंटकदेश हरतो आणि त्याचे सैनिक आपलाच झेंडा पायदळी तुडवून शरण येतात. हे ऐकल्यावर सैन्य अडून बसलं. जयवंताबाईच्या तोंडावर पाय द्यायला एकही मजूर तयार होईना. संध्याकाळी त्यांना तिच्याच गल्लीतून घरी जायचं होतं. डायरेक्टरनं विनवण्या केल्या, शिव्या दिल्या, दोन्ही करून झाल्यावर तो खुर्चीत डोकं धरून बसला. शेवटी त्यानं कंटकदेशाला हरवायचंच नाही असं ठरवलं आणि दोन्ही राजांचा तह करून टाकला.

झेंडे मात्र राजलिंगम रागानं माळावरच टाकून गेला, ते गुराख्यांनी नेऊन जागोजागी लावले. आठवड्यानंतर मंडल कार्यालयातले चंपतराव आमच्याकडं चौकशीला आले. सरकारी जमिनीवर बिला इजाजत झेंडा लागला आहे, तो कोणत्या पार्टीचा, आणि काकी ही निशाणी कोणाला मंजूर झाली, हे त्यांना तहसीलला कळवायचं होतं. दोन गावांच्या लोकांनी त्यांना विचारलं होतं म्हणे, की या बाईला मत द्यायचं तर शिक्का कुठं मारायचा. मी त्यांना समजावून सांगता सांगता थकलो. दौलत बाजूला बसून होता, त्याला त्यातलं काही ऐकू येत नव्हतं.

शूटिंगच्या दिवशीच तो तिच्या घरी गेला होता. दाराला आतून कडी. तो बाहेर उभा राहिला आणि त्याच्या लक्षात आलं, की हाक मारायला आपल्याकडं शब्दच नाही. थोडा वेळ कडी वाजवून तो परत आला. "आता ते माह्या हातातून गेली," एवढंच मला म्हणाला. त्यानंतर आलेलं झेंड्यांचं काम त्यानं परत पाठवलं. माझा फॅन तेवढा मला मिळाला, पण त्याचं सुख वाटेना.

महिना दीड महिना गेला आणि तो भाग टीव्हीवर लागायचा दिवस आला. दुपारची मालिका आणि नेमका इचोड्याचा बाजार. रस्त्यावर पाय ठेवायला जागा नव्हती. दौलतला मी मुद्दाम काही बोललो नाही. मी एका टीव्हीचं मागचं झाकण लावत होतो, तेवढ्यात दुकानाच्या दारात अंधार झाला. जयवंताबाई उभी होती, काखेत बोचकं. तिच्या गावच्या सैनिकांना मालिकेचा दिवस पक्का ठाऊक होता, त्यांनीच तिला सांगितलं होतं.

"उद्धवराव, टीवी लावा," ती म्हणाली आणि स्टुलावर बसली.

मी टीव्ही लावला. पत्र्यापलीकडून तिचा आवाज ऐकून दौलत दारात येऊन उभा राहिला, आत यायची त्याची छाती होईना. पडद्यावर आधी हंस आले, मग माळाची कड आली आणि मग पिवळ्या झेंड्यावर ती आली. लांबून घेऊ म्हणालेल्या डायरेक्टरला शेवटी मोह आवरला नसावा. झेंडा पडदाभर होता. तोंड उघडत होतं, मिटत होतं, आणि खाली कंटकदेशाचं सगळं सैन्य मान खाली घालून उभं होतं. ते नाटक नव्हतं, त्यांना खरोखरच वर बघायची भीती वाटत होती. जयवंताबाई ते पापणी न हलवता बघत होती. जाहिरात लागली तेव्हा तिनं मागं न वळता विचारलं, "माह्यं तोंड काऊन काढलं?"

"तो मानूस म्हने, झेंड्यावर काकी पायजे," दौलत म्हणाला.

"मंग?"

"मंग काय. मले एकच काकी हाये."

शब्द निघून गेला होता. दौलतनं चौकट धरली. मी जाहिरातीचा आवाज बंद केला. बाईनं पडद्याकडं बघतच सांगायला सुरुवात केली. दौलतचा काका जाऊन महिना झाला नव्हता. मीठमिरची घ्यायला ती त्याला घेऊन पहिल्यांदाच इचोड्याच्या बाजारात आली होती. तेलुगूचा एक शब्द दोघांनाही येत नव्हता. गर्दीत पोराचा हात सुटला. ते काकी, काकी असं रडत बाजारभर धावलं. लोक आधी वर बघू लागले, कावळा कुठं आहे म्हणून. मग त्या पोरानं येऊन एका काळ्या बाईचे पाय धरले, आणि सगळा बाजार ‘कावु कावु’ करून हसला. त्याचा अर्थ तिला नंतर एका मिरचीवालीनं समजावला.

"मी काळी हाये, त्याचं मले काई नव्हतं," ती म्हणाली. "पन लोक हासले तं तू बी हासला त्याईच्यासंगं. लेकरू होतं, तुले काय समजते. मले वाटलं, उद्या हा तेलुगू शिकन, अन् मंग मले काकी म्हनन तवा याच्या डोक्यात कावळाच असन. म्हनून म्या तो शब्दच तोडला."

दौलत चौकट सोडून आत आला. तो म्हणाला, "मले वाटलं, तू मले परका केला."

तिनं वळून त्याच्याकडं पाहिलं. मला वाटतं, तिच्या मनात हे कधी आलंच नव्हतं. तिचा चेहरा असा झाला की मी नजर दुसरीकडं वळवली. या दोन माणसांनी एका शब्दापायी केवढी वर्षं वाया घालवली, याचा मला संताप आला आणि डोळ्यांत पाणीही आलं.

ती उठली. बोचकं तिनं माझ्या काउंटरवर ठेवलं. "मी तिकडं मिरच्याच्या ढिगापाशी जाते," ती म्हणाली. "इथून हाक मार. मोठ्यानं मार."

ती गर्दीतून वाट काढत पार पलीकडं गेली आणि लाल ढिगांच्या मधे आमच्याकडं तोंड करून उभी राहिली. दौलत रस्त्यावर आला. पहिल्यांदा त्याच्या घशातून नुसती हवा आली. दुसऱ्यांदा त्यानं अशी हाक मारली की हायवेवरचा ट्रकवाला खिडकीतून बाहेर डोकावला. काकी. बाजारानं जे करायचं तेच केलं. काही जणांनी वर पाहिलं, कुणीतरी ‘कावु कावु’ केलं, आणि हशा पिकला. जयवंताबाईनं त्यांच्यातल्या एकाकडंही बघितलं नाही. भर बाजारात उभी राहून ती ओरडली, "ओ. आली रे, आली."